जुन्या क्रीडावस्तूंचा संग्रह आणि मूल्यांकन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात जुनी बॅट, चेंडू, पदकं असं काहीबाही सापडलं आहे. आधी काय करू?

आधी काहीच पुसू नका. जुन्या वस्तूचं सगळ्यात मोठं नुकसान ती सापडल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात होतं. ओलं फडकं फिरतं, पॉलिश लागतं, सुटलेली शिवण कोणीतरी हौसेने दाभणाने घालून टाकतं. त्याऐवजी वस्तू जशी सापडली तशी पांढऱ्या कापडावर ठेवा, शेजारी मापपट्टी ठेवा आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढा. एक फोटो बाजूने तिरका उजेड टाकून काढा. पुसट शिक्के आणि कोरलेली नावं समोरच्या उजेडात दिसत नाहीत, तिरक्या उजेडात दिसतात.

मग लांबी, रुंदी, वजन लिहून ठेवा. वस्तूसोबत डबा, पिशवी, पावती, वर्तमानपत्राचं कात्रण, पत्र असं जे असेल ते एकत्रच राहू द्या. ती कोणाची, कुठून आली हे घरातल्या ज्येष्ठांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून त्यांची सही व तारीख घ्या. पुढे किंमत ठरवताना हा एक कागद बॅटीपेक्षा जास्त बोलतो.

‘अँटिक’ आणि ‘व्हिंटेज’ यात फरक काय?

साधारण शंभर वर्षांहून जुनं ते अँटिक, त्याअलीकडचं व्हिंटेज. क्रीडावस्तूंच्या बाजारात ही रेघ फारशी पाळली जात नाही. 1950 ची जर्सी 1890 च्या बिननावाच्या रॅकेटपेक्षा कितीतरी पट महाग जाऊ शकते. वय हा किमतीचा एक घटक आहे, तोही पहिला नव्हे.

मग किंमत नेमकी कशावर ठरते?

चार गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात : कोणाची, कोणत्या प्रसंगाची, अशा किती उरल्या आहेत आणि हे सगळं सिद्ध कसं होतं. वस्तूची अवस्था यानंतर येते. खेळाडूंच्या चित्रांची छापील कार्डं आणि इतर छापील कागद याला अपवाद, तिथे अवस्थाच पहिली.

उरलेल्यांचा आकडा कसा काम करतो ते ऑलिंपिकच्या मशालींवरून कळतं. 1936 च्या बर्लिन खेळांत मशाल रिले पहिल्यांदा झाली आणि प्रत्येक धावकाला स्वतंत्र मशाल मिळावी म्हणून त्या हजारोंनी बनल्या. 1952 च्या हेलसिंकी खेळांसाठी मात्र फक्त 22 बनल्या. त्यामुळे सोळा वर्षांनी अलीकडची असूनही हेलसिंकीची मशाल कितीतरी दुर्मीळ आहे.

प्रसंगाचं वजन याहून मोठं. अमेरिकी बेसबॉलपटू बेब रूथच्या जर्सी एकाहून अधिक आहेत, पण 1932 च्या वर्ल्ड सिरीजमधल्या (बेसबॉलच्या अंतिम मालिकेतल्या) तिसऱ्या सामन्याशी फोटोंवरून जोडली गेलेली जर्सी 2024 मध्ये 2 कोटी 40 लाख डॉलरच्या वर गेली. किंमत कापडाची नव्हती, त्या दुपारची होती.

दुर्मीळ आहे म्हणून महाग असेलच, असं मात्र समजू नका. स्थानिक क्लबचा 1905 चा एकमेव करंडक खरोखर एकमेव असतो, पण तो हवा असणारी माणसं दोनच असतील तर त्याची किंमत त्या दोघांच्या खिशाइतकीच.

वस्तूचं वय कसं ओळखायचं?

साहित्य आणि नियमबदल हे सर्वांत भरवशाचे साक्षीदार. नाव खोटं कोरता येतं, पण जे साहित्य तेव्हा अस्तित्वातच नव्हतं ते वस्तूत सापडलं की प्रश्न मिटतो.

गोल्फपासून सुरुवात करू. पिसं भरलेला चामडी चेंडू साधारण 1848 पर्यंतचा. मग गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या रबरासारख्या चिकाचा चेंडू आला आणि 1899 मध्ये पेटंट मिळालेल्या हॅस्केलच्या रबरी गाभ्याच्या चेंडूने त्याला हटवलं. क्लबचे दांडे हिकरी लाकडाचे असत. ब्रिटनमध्ये पोलादी दांड्यांना 1929 मध्ये मान्यता मिळाली. त्या सुमारास पोलादी दांड्यावर लाकडासारखं दिसणारं तपकिरी आवरण चढवत असत आणि असे क्लब आजही ‘हिकरी’ म्हणून विकले जातात. खिशात छोटा लोहचुंबक ठेवा. दांड्याला चिकटला तर आत पोलाद आहे.

टेनिसचे पिवळे चेंडू 1972 नंतरचे. विंबल्डनने तर ते 1986 मध्ये स्वीकारले. त्यामुळे 1960 च्या अंतिम सामन्यातला म्हणून पिवळा चेंडू दाखवला तर पुढचं ऐकायची गरज नाही.

लेस असलेला तपकिरी फुटबॉल दिसला की लोक सर्रास ‘शंभर वर्षांपूर्वीचा’ म्हणतात. लेसचे चेंडू 1950 च्या दशकातही खेळात होते, आणि शोभेसाठी तसे नवे चेंडू आजही बनतात. लेस हलकेच बाजूला सरकवून खालचं चामडं पाहा. खऱ्या जुन्या चेंडूत लेसखालची, उजेड न लागलेली पट्टी बाकीपेक्षा फिकट असते आणि शिवणीच्या कडांना झीज असते. रंग देऊन ‘जुना’ केलेल्या चेंडूत लेसखाली, शिवणीत आणि वर एकसारखाच तपकिरी रंग भरलेला दिसतो.

कापडात दोरा बघा. पॉलिस्टर 1941 मध्ये शोधलं गेलं आणि बाजारात रुळलं 1950 च्या दशकात. 1920 च्या लोकरी जर्सीचा क्रमांक पॉलिस्टरच्या दोऱ्याने शिवलेला असेल तर तो क्रमांक नंतरचा. जर्सी मात्र जुनी असू शकते, म्हणून दोन्हींचा निकाल वेगवेगळा लावा.

शिक्क्यांचं वाचनही शिकून घ्या. ब्रिटिश वस्तूवर ‘आरडी’ (Rd) आणि पुढे आकडा असेल तर ती 1884 पासून सुरू झालेली डिझाइन नोंदणी. आकड्यावरून नोंदणीचं वर्ष काढता येतं, पण ते डिझाइनचं वर्ष असतं. तेच डिझाइन पुढे बरीच वर्षं बनत राहिलेलं असू शकतं. कुठल्या देशात बनली हे छापलेलं असेल तर वस्तू बहुधा 1890 नंतरची, कारण त्या वर्षीच्या अमेरिकी कायद्याने आयात मालावर देशाचं नाव बंधनकारक केलं.

यूव्ही टॉर्चने खरं-खोटं कळतं का?

अर्धंच. कागद आणि कापडात घातली जाणारी उजळक रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाली आणि अतिनील उजेडात ती निळसर-पांढरी चमकतात. 1910 चं म्हणून दिलेलं कार्ड अंधारात तसं झगमगलं तर ते नवं आहे. पण उलटं खरं नाही. न चमकणारा जुना कोरा कागद मिळतो आणि नकली माल बनवणारे नेमका तोच वापरतात. कापडाबाबत आणखी एक अडचण : खरी 1930 ची जर्सी कोणी आधुनिक डिटर्जंटमध्ये धुतली असेल तर तीही चमकते. तेव्हा कपड्याचा निकाल टॉर्चवर देऊ नका, शिवणीच्या आतला भाग आणि दोरा पाहा.

सही खरी आहे का, हे घरी कितपत तपासता येईल?

खरी आहे हे घरी सिद्ध होत नाही. खोटी आहे हे बऱ्याचदा होतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या.

पहिला प्रश्न : ही शाई आहे की छपाई? शाईची रेघ कागदाच्या तंतूंत उतरलेली दिसते. दोन रेघा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे रंग गडद होतो. छापलेली सही भिंगाखाली ठिपक्यांची होते, किंवा सगळीकडे सपाट, एकाच जाडीची आणि एकाच रंगाची राहते. जुन्या बॅटींवर उत्पादकांनी खेळाडूची सही ठशाने उमटवलेली असे. ती जाहिरात होती. अशा बॅटीला ‘सही केलेली बॅट’ म्हणणं ही या छंदातली सर्वांत जुनी गफलत.

दुसरा प्रश्न : पेन तेव्हा होतं का? बॉलपेन 1945 च्या सुमारास बाजारात आलं आणि फेल्ट टोकाचं शार्पी 1964 मध्ये. डब्ल्यू. जी. ग्रेस 1915 मध्ये गेले, रणजितसिंहजी 1933 मध्ये. त्यांची बॉलपेनची सही असूच शकत नाही. बॉलपेन ओळखायचं तर तिरका उजेड टाका : रेघेखाली कागद दबून चर पडलेली असते, आणि वळणांवर शाईची बारीक गुठळी किंवा मध्येच कोरी राहिलेली रेघ दिसते.

तिसरा प्रश्न : ज्यावर सही आहे ती वस्तू तेव्हा होती का? अमेरिकन बेसबॉलवर पूर्वी लीगच्या अध्यक्षाचं नाव छापलेलं असे. बॉबी ब्राउन 1984 ते 1994 या काळात अमेरिकन लीगचे अध्यक्ष होते. त्यांचं नाव असलेल्या चेंडूवर 1948 मध्ये वारलेल्या बेब रूथची सही दिसली तर भिंग काढायचीही गरज नाही.

चौथी गोष्ट हाताच्या गतीची. माणूस स्वतःची सही न बघता, वेगात करतो, त्यामुळे रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळते होतात. नक्कल करणारा हळू चालतो. त्याची टोकं बोथट असतात, मध्येच पेन उचलल्याच्या खुणा आणि बारीक थरथर दिसते. यालाही अपवाद आहे. म्हातारपणी केलेल्या खऱ्या सहीतही थरथर असते, म्हणून तुलना त्याच काळातल्या खात्रीच्या सहीशीच करावी. चाहत्यांच्या पत्रांना सेक्रेटरी किंवा क्लबचा कर्मचारी सह्या करून पाठवी हेही ध्यानात ठेवा. ती सही जुनीच असते, शाईही जुनी असते, फक्त हात दुसऱ्याचा असतो.

सोबत प्रमाणपत्र आहे. मग तर काळजी नाही ना?

प्रमाणपत्र देणारा कोण, यावर अवलंबून. छापखान्यातून प्रमाणपत्रंही निघतात. 1990 च्या दशकात अमेरिकेत एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये नकली सह्यांची मोठी टोळी उघडी पाडली. त्या मालासोबतही प्रमाणपत्रं होती, आणि त्यात मदर तेरेसांची नकली सही असलेला एक बेसबॉलसुद्धा होता! तेव्हा कागद हातात आला की तीन गोष्टी बघा : देणारा अजून व्यवसायात आहे का, त्याने नेमक्या याच वस्तूचं वर्णन, फोटो किंवा क्रमांक दिला आहे का, आणि चूक निघाली तर पैसे परत द्यायची जबाबदारी तो घेतो का. ‘ही सही अस्सल असल्याची आम्ही हमी देतो’ एवढंच छापलेलं आणि वस्तूशी कशानेच न जोडलेलं कार्ड कुठल्याही चेंडूशेजारी ठेवता येतं.

‘सामन्यात वापरलेली’ जर्सी म्हणजे काय? ते कसं ठरतं?

दुकानात विकलेली प्रतिकृती, संघाला दिलेली पण न घातलेली आणि प्रत्यक्ष मैदानावर घातलेली अशा तीन पायऱ्या आहेत. त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मातीचे डाग आणि घाम पुरावा होत नाहीत, ते कोणीही लावू शकतं.

आज सर्वांत बळकट पुरावा फोटो-जुळणीचा. सामन्याच्या स्पष्ट फोटोंत त्या एकाच नगाची म्हणता येईल अशी खूण शोधायची : पट्टा शिवणीवर किती मिलिमीटर चुकला आहे, बिल्ला किती तिरका बसला आहे, क्रमांकाचा कोपरा पट्ट्याच्या नेमक्या कुठे येतो, रफू कुठे आहे. 22 जून 1986 च्या अर्जेंटिना-इंग्लंड सामन्यातली मॅराडोनाची जर्सी 2022 मध्ये सॉदबीजने लिलावात काढली, तेव्हा त्याच्या कुटुंबीयांनी ती पूर्वार्धातली असल्याचा आक्षेप घेतला. त्याचे दोन्ही गोल उत्तरार्धातले. बिल्ला, पट्टे आणि क्रमांकाच्या बारकाव्यांची गोलच्या फोटोंशी जुळणी केलेली होती. जर्सी 71 लाख पौंडांना गेली.

जुळणी करताना जी खूण सगळ्या नगांवर सारखी असते ती धरू नका. छापील जाहिरात सगळ्यांवर एकाच जागी असते. हाताने लावलेलं काहीतरी शोधा.

जुनी कार्डं : अस्सल आणि पुनर्मुद्रण कसं ओळखावं?

अमेरिकेत 1909 ते 1911 दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून आलेली टी-206 मालिका घेऊ. तिच्यातल्या बेसबॉलपटू होनस वॅगनरची जगात साठेकच कार्डं माहीत आहेत, पुनर्मुद्रणं मात्र अगणित. अस्सल कार्ड सुमारे 36.5 × 66.7 मिलिमीटरचं असतं. भिंगाखाली चित्राभोवतीची बारीक काळी चौकट आणि खालचं नाव पाहा. अस्सल कार्डात ती रेघ आणि अक्षरं सलग शाईची असतात. फोटोवरून छापलेल्या पुनर्मुद्रणात रेघसुद्धा रंगीत ठिपक्यांत फुटलेली दिसते.

दुसरी फसवणूक छाटणीची. झिजलेले कोपरे कापून कार्ड ‘कोरं’ करतात. कार्डाचा चेहरा मळका पण कोपरे सुईसारखे, किंवा तीन कडा मळलेल्या आणि चौथी पांढरीशुभ्र, असं दिसलं की मोजपट्टी काढा. मूळ कापणीतही अर्धा-एक मिलिमीटर फरक असायचा, म्हणून फक्त मापावर निकाल नको. कडेचे तंतू पाहा : जुनी कड थोडी लवदार, नवी कड ब्लेडने तासलेली. वॅगनरचं सर्वांत प्रसिद्ध कार्ड कार्डांना श्रेणी देऊन डबीत सीलबंद करणाऱ्या पीएसए या कंपनीने 1991 मध्ये 10 पैकी 8 श्रेणीचं ठरवलं होतं. त्याच्या कडा छाटल्याची कबुली एका विक्रेत्याने 2013 मध्ये न्यायालयात दिली. म्हणून सीलबंद डबीतल्या श्रेणीलाही शेवटचा शब्द मानू नये.

ऑलिंपिकचं पदक आहे. सोन्याचं असेल का?

आधी ते विजेत्याचं आहे का ते पाहा. सहभागी झालेल्या प्रत्येकाला, पंचांना, अधिकाऱ्यांना स्मृतिपदक मिळतं आणि घराघरांत सापडतात ती बहुतेक हीच. त्यांनाही मागणी असते, पण किंमत फार वेगळी. 1896 मध्ये पहिल्या क्रमांकाला रुप्याचं पदक होतं. सोनं-रुपं-कांस्य ही पद्धत 1904 पासूनची आणि संपूर्ण सोन्याचं पदक शेवटचं दिलं गेलं 1912 मध्ये. त्यानंतरची सुवर्णपदकं म्हणजे रुप्यावर सोन्याचा मुलामा. वजन, व्यास आणि कडेवरचा शिक्का नोंदवा. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा गोलसर होतात आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात.

साफसफाई करू की नको?

कोरड्या, मऊ ब्रशने धूळ झाडण्यापलीकडे बहुतेकदा नको.

*चामडं.* हाताला विटकरी पूड लागत असेल तर तो चामड्याचा लाल कुज. वनस्पतीजन्य टॅनिंगचं जुनं चामडं हवेतल्या आम्लाने असं मोडतं आणि ते पूर्ववत होत नाही. तेल चोळलं तर ते काळं, चिकट पडतं आणि पुढे तज्ज्ञालाही काही करता येत नाही. जुन्या चेंडूत हवा भरू नका, टाके तुटतात. आकार हवा असेल तर आम्लमुक्त टिश्यू कागदाचे बोळे अलगद भरा.

*लाकूड.* खेळायच्या बॅटीला जवसाचं तेल लावतात म्हणून संग्रहातल्या बॅटीलाही लावायचं नाही. तेलाने लाकूड काळवंडतं आणि शाई पसरते. चेंडूचे लाल ठसे, दोऱ्याची गुंडाळी, खेळाडूने कोरलेली खूण ही सगळी त्या बॅटीची साक्ष आहे. रॅकेटची तुटलेली तार कापून नवी घालू नका.

*धातू.* ईपीएनएस (EPNS) लिहिलेल्या करंडकावर रुप्याचा फक्त पातळ मुलामा असतो. दरवर्षी पॉलिश केलं की तो उडतो आणि आधी उंच भागावर, म्हणजे नेमका कोरलेल्या नावांवर, खालचा पिवळट धातू डोकावतो. कांस्याचा तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, तो घासला की निम्मी किंमत घासली जाते.

*सही असलेले चेंडू.* पूर्वी संग्राहक सही टिकावी म्हणून चपड्याचं रोगण लावत. ते पिवळं पडतं. स्पिरिटने काढायला गेलात तर सहीही निघते. तसंच ठेवा.

साठवण कशी करावी?

तापमान 18 ते 20 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 45 ते 55 टक्के. आकड्यांपेक्षा ते स्थिर राहणं महत्त्वाचं. आर्द्रता 65 च्या वर टिकली की बुरशी धरते. एक छोटं आर्द्रतामापक कपाटातच ठेवा, खोलीत नव्हे. सह्या, कापड आणि कागदावर 50 लक्सपेक्षा जास्त उजेड नको, थेट ऊन तर मुळीच नाही.

पीव्हीसीचे कप्पे टाळा. नव्या रेनकोटसारखा वास येतो ते पीव्हीसी, त्यातलं रसायन सुटून शाई चिकटते. पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन वापरा. चिकट पानांचे अल्बम, सेलोटेप, रबर बँड यांना थारा नको. रबर आणि लोकर गंधक सोडतात, त्यामुळे रुप्याचं पदक रबरी ग्रिपच्या बॅटीशेजारी किंवा लोकरी नमद्याच्या डबीत ठेवलं की काळं पडणारच.

लोकरी जर्सीला कसर लागली असेल तर ती पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर गार कापडावर दव धरतं. चौकटीत लावताना काच कापडाला टेकता कामा नये.

आजची किंमत स्वतः कशी काढू?

विक्रीला लावलेल्या किमती बघू नका, झालेल्या विक्रीच्या बघा. तशाच वस्तूच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या किमान तीन विक्री शोधा. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची का तशी गेली ते समजून घ्या : पुरावा होता का, अवस्था काय, दोन हट्टी खरेदीदार भिडले होते का.

मग आकडा सोलावा लागतो. समजा लिलावात शेवटची बोली 100 ची लागून हातोडा पडला. लिलावगृहाने घेणाऱ्याकडून वर 25 टक्के प्रीमियम घेतला तर जाहीर होते 125. विकणाऱ्याकडून 15 टक्के कमिशन कापलं तर त्याच्या हाती 85. म्हणजे वर्तमानपत्रात 125 वाचून तुम्ही मनात 125 धरले, तर चाळीसची तफावत तिथेच आली. फोटो, विमा, वाहतुकीचा खर्च आणखी वेगळा. लिलावगृहाच्या करारावर सही करण्याआधी हे सगळे दर लेखी मागा, आणि राखीव किंमत (जिच्याखाली वस्तू विकायची नाही ती) गाठली नाही तर काही शुल्क लागतं का तेही.

विम्यासाठीची किंमत वेगळी असते का?

हो. विक्रीची किंमत म्हणजे आज विकलं तर मिळेल ते. विम्यासाठी तशीच वस्तू पुन्हा विकत घ्यायला लागेल तेवढी, म्हणजे सहसा जास्त. एकाच मूल्यांकनपत्रावर दोन्ही कामं करू नका. जो वस्तू विकत घ्यायला उत्सुक आहे त्याच्याकडूनच मूल्यांकन करून घेणंही नको.

कमी पैशांत सुरुवात कशी करावी?

सह्यांपासून नको, नकली माल तिथेच सर्वाधिक आहे. सामन्यांचे कार्यक्रमपत्रक, तिकिटं, संघांचे मूळ फोटो, नियमपुस्तिका यांपासून करा. या गोष्टी तेव्हा फेकायच्या म्हणूनच छापल्या गेल्या, त्यामुळे चांगल्या अवस्थेत कमी उरल्या, आणि नकली बनवण्याइतका नफा त्यात बहुधा नसतो. वार्षिकांमध्येही भरपूर वाव आहे, फक्त प्रतिकृती ओळखा : 1864 पासून निघणाऱ्या ‘विस्डेन’ या क्रिकेटच्या वार्षिकाच्या पहिल्या पंधरा अंकांच्या हुबेहूब प्रतिकृती नंतर निघाल्या आहेत. एक खेळ, एक संघ किंवा एक दशक निवडा. शंभर सुट्या वस्तूंपेक्षा एका मालिकेतल्या पंधरा वस्तू तुम्हाला जास्त शिकवतात, आणि विकायची वेळ आली तर त्यांना गिऱ्हाईकही लवकर मिळतं.

नोंदवहीत काय लिहायचं?

वस्तूचा क्रमांक, वर्णन, माप, वजन, कोणाकडून कधी घेतली, काय दिलं, आधीचे मालक, दोष आणि तुम्ही स्वतः केलेली कुठलीही दुरुस्ती. ज्या गोष्टीची खात्री नाही तिच्यापुढे ‘घरच्यांच्या सांगण्यावरून’ असं स्पष्ट लिहा. ऐकीव आणि सिद्ध झालेलं एकाच ओळीत मिसळलं की पुढचा माणूस दोन्हीवर अविश्वास दाखवतो. नोंदीची एक प्रत घराबाहेर ठेवा. क्रमांक वस्तूवर पेनने लिहू नका : कागदाच्या मागे मऊ पेन्सिलीने, आणि बॅट, जर्सी, करंडक यांना सुती दोऱ्याने बांधलेल्या आम्लमुक्त चिठ्ठीवर.